शेवटच्या खुंटीवरचा बिल्ला

१

हर्ला तळ्यावर उन्हाळा असतो मोजून दहा आठवडे. त्यातले दोन डासांचे, एक पावसाचा. उरलेल्या सात आठवड्यांसाठी गावकीने तळ्याकाठी पार्क राखलंय, आणि ते बघून शेजारच्या गावांचे लोक नुसते जळतात. जळोत बापडे. सीडरची झाडं थेट पाण्यापर्यंत उतरलेली, त्यांच्या सावलीत लाकडी टेबलं, मांस भाजायच्या शेगड्या, घोड्याचे नाल फेकायचं मैदान, कपडे बदलायच्या दोन खोल्या आणि पुढे कोयरीच्या आकाराची वाळू. पाणी मात्र चहाच्या रंगाचं. ती घाण नव्हे, झाडांच्या मुळांचा अर्क उतरतो त्यात. पेल्यात घेतलं तर स्वच्छ दिसतं, पण कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की स्वतःचे गुडघे दिसत नाहीत.

अशा पाण्यात माणसं मोजायची तर डोळ्यांवर विसंबून चालत नाही. म्हणून इथे माणसं कानांनी मोजतात.

पद्धत तळ्यावर पहारा करणाऱ्या इंपीमावशीची. पोहायला उतरण्याआधी प्रत्येकाने आपला बिल्ला फळ्यावरच्या खुंटीला अडकवायचा. बिल्ला म्हणजे सीडरची पातळ चकती आणि तिच्यावर तापल्या सळईने कोरलेलं नाव. पाहुण्यांसाठी नुसते आकडे. बाहेर आलं की बिल्ला काढून न्यायचा. दर अर्ध्या तासाने एक लांब शिट्टी होते. शिट्टी झाली की जो जिथे असेल तिथे थांबतो, एक हात वर करतो, आणि एका टोकाच्या लाकडी धक्क्यापासून दुसऱ्या टोकाच्या लव्हाळ्यापर्यंत ओळीने एकेक जण आपला आकडा ओरडतो. तोही फिनिश भाषेत. फिनलंडहून येऊन वसलेल्या या गावाच्या चौथ्या पिढीकडे फिनिश म्हणून उरलीय ती एवढीच. प्रार्थना इंग्रजीत, भांडणं इंग्रजीत, पण तळ्यात उभे राहिले की सगळे पणजोबांच्या भाषेत मोजतात. शेवटचा आकडा आणि फळ्यावरचे बिल्ले जुळले की दोन छोट्या शिट्ट्या, की पुन्हा धिंगाणा सुरू. या पद्धतीने अडतीस उन्हाळे गेले आणि तळ्याने एकही माणूस घेतला नाही. मिशिगनच्या या टोकाला असं सांगू शकणारं तळं शोधून दाखवा.

यंदा मावशीच्या गुडघ्यांनी हात टेकले, ती शहरातल्या वृद्धाश्रमात गेली आणि शिट्टी आली रेनो सारेलाच्या गळ्यात. रेनो सहासष्ट वर्षांचा. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. पोरं मोजून चढवायची आणि मोजून उतरवायची, यापलीकडे त्याने दुसरा देवधर्म केला नाही. शिट्टी मिळाल्याचा त्याला इतका अभिमान वाटला की त्याच्या बायकोला, सिल्वीला, आठवडाभर दुसरं काही ऐकायला मिळालं नाही.

"राष्ट्राध्यक्ष नाही झालास रे," ती म्हणाली. "शिट्टीवाला झालायस."

"तू रोज येणार ना पोहायला? मग तिथे मला मान द्यावा लागेल."

"चाळीस वर्षं देतेय. अजून पोट भरलं नाही का तुझं?"

जूनमध्ये पार्क उघडायच्या आधी रेनोने साफसफाई काढली. फळा खरवडून पांढरा रंगवला, गंजलेल्या खुंट्या बदलल्या. अगदी शेवटच्या खुंटीवर एक जुना बिल्ला लटकत होता. काळपट, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. नाव नाही, आकडा नाही. विसरला असेल कुणीतरी, असं म्हणून त्याने तो शेडमधल्या खणात टाकला, जुन्या किल्ल्या आणि माशांच्या गळांसोबत. निगुतीचा माणूस तो, फळ्यावरची अडगळ त्याला खपायची नाही.

२

पहिल्या दिवशी फळ्यावर अठरा बिल्ले होते. रेनो धक्क्याच्या टोकाला उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि लांब शिट्टी वाजवली.

तळं गप्प झालं. ही गंमत त्याने वर्षानुवर्षं पोहणाऱ्यांतून पाहिली होती, आज प्रथमच धक्क्यावरून पाहत होता. क्षणापूर्वी किंचाळणारी पोरं, पाठीवर तरंगणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे थांबले आणि पाण्यातून अठरा हात वर आले. उन्हात ओले, स्थिर. त्याला भरून आलं. इंपीमावशीने एका गावाला केवढी शिस्त लावून ठेवलीय, आणि तीही आरडाओरडा न करता, असं त्याच्या मनात आलं.

आकडे सुरू झाले. पोरांचे उच्चार भयंकर, पण जोर पुरेपूर. बारा, तेरा, चौदा. शेवटी लव्हाळ्यापाशी पिवळी टोपी घातलेली सिल्वी होती. तिला ती कडेची शांत जागाच आवडायची. तिने नेहमीसारखा आधी घसा खाकरला. फोन उचलताना, चर्चमध्ये, कुठेही बोलायच्या आधी तिचा हा बारीक खाकर ठरलेला. लग्नात पाद्रीबुवांना 'हो' म्हणतानासुद्धा ती आधी खाकरली होती आणि अख्खं चर्च हसलं होतं. खाकरून ती म्हणाली, "अठरा."

रेनोने छोट्या शिट्टीसाठी श्वास घेतला.

"एकोणीस," कुणीतरी म्हणालं.

आवाज लव्हाळ्याच्या बाजूने आला होता. बाईचा, मोकळा, गाणाऱ्या गळ्याचा. आणि उच्चार इतका शुद्ध की रेनोला आपली आजी आठवली. असं फिनिश आता गावात कुणाच्या तोंडी नव्हतं.

"कोण ते? बिल्ला न लावता कोण उतरलंय?" त्याने विचारलं.

जीवरक्षकाच्या उंच खुर्चीवरून डार्ला निएमी खाली वाकली. डार्ला शाळेत पी.टी. शिकवते, पंचेचाळिशीची, खांद्यांनी दोन माणसांएवढी आणि तोंडाने चौघांएवढी.

"पहिल्याच दिवशी गणित चुकलं का रे? बसमध्ये अशीच मोजायचास पोरं? तरीच आमचा धाकटा एकदा दुसऱ्याच्या घरी जेवून आला."

सगळे हसले, रेनोही हसला. एखाद्या पोराचा चावटपणा असेल, असं म्हणून त्याने वहीत अठरा लिहिलं आणि दोन शिट्ट्या वाजवल्या.

३

चावटपणा रोजच होऊ लागला. बिल्ले चौदा असोत की अठ्ठावीस, आकडा एकाने पुढे जायचा. दर अर्ध्या तासाने, न चुकता, सिल्वीचा आकडा झाला की. मावशीच्या वेळी असं काही ऐकल्याचं रेनोला आठवेना, पण तेव्हा पाण्यात आपला आकडा ओरडला की तो पुढचे ऐकतच नसे.

रेनो तसा डोकं शाबूत असलेला माणूस. त्याने एकेक शक्यता निकालात काढायला घेतली. पहिली शक्यता, प्रतिध्वनी. सकाळी पार्कात कुणी नसताना तो धक्क्यावर उभा राहिला आणि ओरडला, "सात!" पलीकडच्या काठावरून जरा वेळाने सात परत आलं. ठीकच आहे, आठ कसं येईल? दुसरी शक्यता, कुणीतरी दोनदा म्हणतंय. एका मंगळवारी त्याने सगळ्यांना बाहेर बोलावलं, वाळूवर ओळीने उभं केलं, बोट लावून मोजलं. बावीस माणसं, बावीस बिल्ले. पुन्हा पाण्यात पाठवलं आणि स्वतः किनाऱ्याने चालत प्रत्येकाचं तोंड बघत गेला. सिल्वीपाशी पोचला तेव्हा ती खाकरली, बावीस म्हणाली आणि तिने ओठ मिटले.

"तेवीस."

सिल्वीने मान वळवून मागे पाहिलं. मागे लव्हाळं होतं, आणि लव्हाळ्यापलीकडे पाणी एकदम खोल होतं म्हणून आडवा बांधलेला दोर. दोराचे पांढरे गोळे पाण्यावर हलत होते. वारा नव्हता.

"तू ऐकलंस?" रेनोने हळूच विचारलं.

"ऐकलं की. रोजच ऐकते." सिल्वी टोपी सारखी करत म्हणाली. "कुणीतरी आडोशाला पोहत असेल. आवाज काय गोड आहे रे, नाही? मला तर सोबत वाटते."

"आडोशाला जायला रस्ता नाहीये तिकडे."

"मग पोहून जात असेल. तू ना, उगाच सगळ्याचा पिच्छा पुरवतोस."

त्या दुपारी रेनो बूट काढून लव्हाळ्यात शिरला. गाळ घोट्यापर्यंत आला, मग पोटऱ्यांपर्यंत. दांडे बाजूला सारत तो दोरापर्यंत गेला. तिथे कुणी नव्हतं. एक लव्हाळ्याचा जुडगा तेवढा मधोमध वाकलेला होता, कुणी रोज तिथेच टेकून उभं राहावं तसा. बदक बसत असेल. त्याने स्वतःला सांगितलं, बदकच बसत असणार, आणि परत फिरताना पाण्याकडे पाठ करायची नाही म्हणून तो उलटा चालत आला. पुढे घरी त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"पार्कच्या समितीला सांगू नकोस," डार्लाने बजावलं. "त्यांना निमित्तच हवंय. 'आपापल्या जबाबदारीवर पोहा' अशी पाटी ठोकतील आणि मोजणं बंद. पाटी काय पाण्यात उडी मारणार आहे का?"

रेनोने सांगितलं नाही. रोज वहीत मात्र तो एक कमी करून लिहायचा. आयुष्यात त्याने मोजलं एक आणि लिहिलं दुसरं, असं कधी केलं नव्हतं.

४

जुलैच्या मध्यात तो इंपीमावशीला भेटायला गेला. सिल्वीने वेलचीचा पाव करून दिला होता. मावशी खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती, सत्त्याऐंशी वर्षांची, सडपातळ, डोळे लख्ख. आवाज मात्र पहिल्यापासून तसाच, कागदावर वाळू घासावी तसा. लोक म्हणायचे सिगारेटने बसला, पण तिला सिगारेट ओढताना कुणीच पाहिलं नव्हतं.

"ये रे शिट्टीवाल्या," ती घोगरेपणाने म्हणाली. "किती घेतली तळ्याने?"

"एकही नाही, मावशी."

"मग तोंड का असं?"

रेनो भिंतीवरचा फोटो पाहत राहिला. चर्चमधल्या गायकांचा जुना फोटो, पुढच्या रांगेत मधोमध वीसेक वर्षांची मुलगी, तोंड उघडं, मान ताठ. ओळखायला वेळ लागला.

"ही तू? तू गायचीस?"

"तेव्हा आवाज होता." मावशीने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "मग एका उन्हाळ्यात गेला. बोल, काय झालंय?"

त्याने सगळं सांगितलं. एक जास्त येतो, रोज येतो, लव्हाळ्याकडून. मावशी चावायची थांबली नाही, दचकलीही नाही. नुसतं विचारलं, "शेवटच्या खुंटीवर काय आहे?"

"काही नाही. सगळा फळा नवा केला मी. एक जुना बिल्ला होता, कोरा, तो काढून—"

पाव कपात पडला. रेनोने तिला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे हे काय आहे ते त्याला पटकन कळेना.

"कुठंय?"

"शेडमध्ये. खणात."

"आज जाशील तेव्हा लाव परत. घरी जायच्या आधी लाव."

"पण कुणाचा आहे तो?"

"मोजणाऱ्याने कुणाचा ते विचारायचं नसतं रे. किती ते विचारायचं." तिने त्याचं मनगट धरलं. हाताला अजून ताकद होती. "अडतीस वर्षं मी तो बिल्ला धरून मोजलं. म्हणून मला कळत होतं. तुला आता कसं कळणार?"

काय कळणार, हे तिने सांगितलं नाही. परिचारिका गोळ्या घेऊन आली आणि मावशीने तोंड मिटलं.

५

रेनो शेडमध्ये गेला. बिल्ला हातात घेतला. लाकूड गार होतं आणि जरासं ओलसर, एवढ्या उन्हाळ्यात बंद खणात राहूनही.

मावशीबद्दल त्याला किती आदर होता ते सांगायला नको; तिच्या एका शब्दावर तो थंडीत तळ्यावरचा बर्फ फोडायला गेला असता. पण हे त्याच्या पचनी पडेना. फळ्यावर बिल्ला म्हणजे पाण्यात माणूस. माणूस नाही आणि बिल्ला आहे, म्हणजे खोटं. बसमध्ये एकही पोर चुकलं नाही ते याच हट्टापायी, की जे डोळ्यासमोर आहे तेच मोजायचं. म्हातारपणी माणसाला काहीबाही वाटतं. गुडघे गेले, आता जरा डोकंही जात असेल.

त्याने बिल्ला खणात ठेवला आणि खण बंद केला. घरी सिल्वीने विचारलं, मावशी काय म्हणाली? तो म्हणाला, पाव आवडला.

६

जुलैचा शेवटचा शनिवार. चर्चची सहल होती, पार्क गजबजलेलं. शेगड्यांचा धूर, मांसबटाट्याच्या भाजलेल्या करंज्या, नाल लोखंडी खुंटावर आपटल्याचा ठणठणाट, पोरांचा गलका. तळं असं दिसत होतं की रेनोला वाटलं, एखाद्या परदेशी माणसाला हाताला धरून आणावं आणि दाखवावं, बघ, याला म्हणतात उन्हाळा. फळ्यावर एकतीस बिल्ले. साडेतीनच्या मोजणीला आकडा आला बत्तीस, म्हणजे नेहमीसारखाच. त्याला त्याची सवय झाली होती, हे नंतर आठवून त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

चार वाजता त्याने लांब शिट्टी दिली. हात वर आले. आकडे धक्क्याकडून पळत निघाले, पोरांचे, आयांचे, चर्चच्या जाड खजिनदाराचा. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

"एकतीस," लव्हाळ्याकडून आवाज आला.

रेनो कान देऊन थांबला. पाच सेकंद, दहा सेकंद. पाणी लपलपलं. पुढे कुणीच बोललं नाही.

एकतीस. फळ्यावर एकतीस. जुळलं.

उंच खुर्चीवरून डार्लाने अंगठा वर केला. तिच्या चेहऱ्यावर दीड महिन्याचा भार उतरल्याचं हसू होतं. रेनोने दोन शिट्ट्या दिल्या आणि तळं पुन्हा उकळू लागलं. त्याने वही उघडली, खिशातून पेन्सिल काढली. या उन्हाळ्यातला पहिला आकडा जो ऐकला तोच लिहायचा होता. मावशीला फोन करून सांगायला हवं, बिल्ला न लावताच गेलं ते, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. त्याने तीन लिहिलं, आणि एक लिहायला पेन्सिल टेकवली.

एकतीसच्या आधी कुणी खाकरलं नव्हतं.

पेन्सिल तिथेच राहिली. सिल्वी खाकरल्याशिवाय बोलत नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. एकतीस हा आकडा मोकळ्या गळ्याने आला होता, शुद्ध, गोड, आजीच्या उच्चारात.

त्याने लव्हाळ्याकडे पाहिलं. पिवळी टोपी कुठेच नव्हती.

७

तीन लांब शिट्ट्या दिल्याचं त्याला आठवत नाही, पण इतरांना आठवतं. पोरं ओरडत बाहेर पळाली, डार्ला खुर्चीवरून थेट पाण्यात गेली. रेनो किनाऱ्याने धावला. सहासष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीच्या शर्टासकट लव्हाळ्यात घुसला, आणि पायाखाली गाळ आहे की पाणी याची त्याला शुद्ध नव्हती. तोंडाने तो नुसतं सिल्वी, सिल्वी करत होता.

लव्हाळं संपलं, दोर आला, आणि दोराच्या अलीकडे, त्या वाकलेल्या जुडग्यापाशी, पाण्यातून एक हात वर आलेला होता.

सरळ वर. मोजणीला करतात तसा. बोटात चाळीस वर्षांपूर्वी त्यानेच घातलेली अंगठी. डोकं पाण्याखाली होतं, टोपीचा पिवळा डाग चहाच्या रंगात अंधुक दिसत होता. बुडणाऱ्या माणसाचा हात असा राहत नाही, तो धडपडतो नाहीतर खाली जातो. हा हात स्थिर होता, कारण कुणीतरी तो धरला होता.

मनगटाभोवती बोटं होती. पाण्यातून कोपरापर्यंत वर आलेला दुसरा हात. पांढरा, फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची टोकं जशी सुरकुततात तसा सगळाच सुरकुतलेला. तो सिल्वीचा हात वर धरून उभा होता, कुणालातरी दिसावा म्हणून धरावा तसा. की खाली न्यायच्या आधी धरला होता, ते रेनोला तेव्हाही सांगता आलं नसतं.

त्याने झेप घेतली. त्याचा हात सिल्वीच्या दंडाला लागला त्या क्षणी ती बोटं सुटली. एकेक करून, घाई न करता. मग डार्ला पोचली, दोघांनी मिळून तिला उचललं, आणि वाळूवर डार्लाने तिच्या छातीवर असा जोर लावला की बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. चौथ्या की पाचव्या दाबाला सिल्वीच्या तोंडातून तपकिरी पाणी आलं आणि ती श्वास घेऊ लागली.

रेनो तिच्याशेजारी वाळूत बसून लहान पोरासारखा रडला. सगळ्या गावाने पाहिलं आणि कुणी नजर वळवली नाही.

८

"चक्कर आली," सिल्वीने तीन दिवसांनी घरी आल्यावर सांगितलं. व्हरांड्यात बसली होती, छातीला पट्टा, मांडीवर गोधडी. "डोळ्यापुढे अंधार आला, आणि मग तू माझा हात धरलास. असा घट्ट धरलास की बघ."

तिने मनगट पुढे केलं. पाच निळे ठसे.

"मी पोचलो नव्हतो तेव्हा," रेनो म्हणाला.

"मग डार्ला असेल."

"डार्ला माझ्या मागून आली."

सिल्वीने बाही खाली ओढली. "कुणी का असेना. चांगलं माणूस होतं म्हणायचं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक गंमत कळली का तुला? मघापासून बडबडतेय, पण माझा खाकर गेला. डॉक्टर म्हणाले, नळी घातली होती घशात, त्याने झालं असेल. चाळीस वर्षं चिडवायचास ना? आता काय करशील?"

रेनो हसला. हसला कारण ती समोर बसून बोलत होती, आणि त्याला दुसरं काही नको होतं.

त्याच संध्याकाळी तो शेडमध्ये गेला आणि कोरा बिल्ला खणातून काढून शेवटच्या खुंटीवर लावला. आता ते त्याला खोटं वाटत नव्हतं. मावशी अडतीस वर्षं काय मोजत होती ते त्याला कळलं होतं: बिल्ला धरून आकडा जुळला तर सगळे आहेत, एक कमी आला तर कुणीतरी खाली आहे. एवढं साधं. एवढ्या साध्या गोष्टीवर म्हातारीने एक गाव तरतं ठेवलं, आणि तो तिला भ्रमिष्ट समजला होता. त्याने तिला फोन केला. पलीकडून घरघरता श्वास ऐकू आला.

"सिल्वी बोलते का नीट?" मावशीने विचारलं.

"अगदी छान बोलते."

"मग स्वस्तात सुटली," मावशी तिच्या वाळूसारख्या आवाजात म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रविवारी सिल्वी हट्टाने पार्कात आली. पोहायची मनाई होती, म्हणून डार्लाने तिच्यासाठी धक्क्यावर खुर्ची मांडली, वर छत्री लावली आणि पुन्हा बरगडी मोडायची असेल तर सांग म्हणून चिडवलं. ऊन तेच, सीडरचा वास तोच, पोरांचा गलकाही तोच. फळ्यावर चोवीस नावांचे बिल्ले आणि शेवटच्या खुंटीवर एक कोरा. पंचवीस.

रेनोने लांब शिट्टी दिली. तळं गप्प झालं, हात वर आले, आकडे धक्क्यापासून निघाले. बावीस. तेवीस. लव्हाळ्याच्या अलीकडे खजिनदार उभा होता, तो म्हणाला, चोवीस.

मग लव्हाळ्यातून कुणीतरी घसा खाकरला. बारीकसा, ओळखीचा. आणि मोकळ्या, गोड गळ्याने म्हणालं, "पंचवीस."

आकडा जुळला होता. रेनोने दोन शिट्ट्या दिल्या, कारण द्यायलाच हव्या होत्या. खुर्चीत सिल्वीचा हात तिच्या गळ्याकडे गेला होता आणि तिथेच राहिला.